५५ हजारांत घरचा संगणक: आज काय घ्यावे आणि पुढच्या वर्षावर काय सोडावे

ताई, तुमच्या प्रश्नातील माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचे विवेचन इतर वाचकांनाही समजेल. मुलगा नववीत आहे आणि त्याला व्हॅलोरंट व जीटीए ५ हे खेळ खेळायचे आहेत. मुलगी अकरावी विज्ञान शाखेत असून तिला सीईटीच्या सराव-चाचण्या द्यायच्या आहेत आणि व्हिडिओ-व्याख्याने पाहायची आहेत. तुम्हाला स्वतःला शाळेच्या प्रश्नपत्रिका मराठीत टंकित करायच्या आहेत. मॉनिटर धरून ५५ हजार रुपयांची तयारी आहे. सांगली जिल्ह्यातील तुमच्या तालुक्याच्या दुकानदाराने ‘आय ७, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक कार्ड’ असा तयार संच ३४ हजारांत सांगितला आहे, तर मुलाचा मित्र म्हणतो की सुटे भाग आणून घरीच जोडावेत. यांपैकी काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

संगणक जोडणे आणि दुरुस्त करणे हे माझे १९ वर्षांचे काम आहे आणि हा प्रश्न दर मे-जून महिन्यात माझ्यासमोर येतो. माझ्या मते तयार की जोडलेला, हा खरा प्रश्न नाही. घरात एकरकमी पैसे एकदाच निघतात आणि संगणक मात्र सहा-सात वर्षे चालावा अशी अपेक्षा असते. तेव्हा आजच्या पैशांत कोणते भाग असे घ्यावेत की जे पुढे बदलावे लागणार नाहीत, आणि कोणता भाग वर्ष-दीड वर्षाने घेतला तरी बिघडत नाही, हे ठरवणे हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर काही अंशी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. घरातील वीजपुरवठा कसा आहे, पुढचे १५-२० हजार रुपये कधी हाताशी येतील आणि मुलगा याच दोन खेळांवर थांबणार आहे की नव्या, जड खेळांकडे जाणार आहे, या तीन गोष्टी मला ठाऊक नाहीत. त्यामुळे जिथे उत्तर बदलू शकते, तिथे मी तसे स्पष्ट सांगेन.

आधी त्या ३४ हजारांच्या संचाबद्दल. ‘आय ७’ हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचे, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपचे, नाव केवळ दर्जा सांगते, वय सांगत नाही. वय त्यापुढच्या आकड्यात असते. आय ७-२६०० हा प्रोसेसर २०११चा, आय ७-३७७० हा २०१२चा आणि आय ३-१२१०० हा २०२२चा आहे. यातील शेवटचा नावाने ‘आय ३’ असला, तरी त्यालाही आय ७-३७७० प्रमाणेच चार कोअर (काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत, आणि दहा वर्षांच्या सुधारणांमुळे तो जुन्या आय ७ पेक्षा कितीतरी वेगवान आहे. या किमतीत ‘आय ७’ मिळतो आहे म्हणजे तो बहुधा दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचा, कार्यालयांतून निघालेल्या संगणकांतील असतो. त्याखालचा मदरबोर्ड (सर्व भाग ज्यावर बसतात तो मुख्य फलक) नव्या खोक्यात असला, तरी त्याची रचना तितकीच जुनी असते.

केवळ वेग कमी असता तर मी इतके लिहिले नसते, पण अडचण त्याहून मोठी आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ साठी अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा किंवा एएमडी या दुसऱ्या कंपनीचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. जुन्या संगणकावर पळवाट काढून विंडोज ११ बसवता येते आणि अनेक दुकानांत तसे बसवूनही देतात, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला काहीच खटकत नाही. परंतु व्हॅलोरंटची फसवणूक-रोधक यंत्रणा विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीशीर प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) या दोन्ही गोष्टी सुरू आहेत का हे तपासते, आणि त्या नसतील तर पडद्यावर ‘व्हॅन ९००१’ असा संदेश येऊन खेळ उघडतच नाही. म्हणजे ज्या खेळासाठी मुलगा संगणक मागतो आहे, तोच खेळ त्या संचावर सुरू न होण्याची दाट शक्यता आहे. असे नवेकोरे संच घेऊन आलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांना ‘यावर उपाय नाही’ असे सांगणे मला दर वेळी जड जाते, कारण पैसे आधीच गेलेले असतात.

ग्राफिक कार्डाच्या (पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या वेगळ्या भागाच्या) ‘४ जीबी’ या आकड्याचेही असेच आहे. तो स्मृतीचा आकार आहे, कामाचा वेग नव्हे. स्वस्त संचांत नेहमी दिसणारे जीटी ७३० हे कार्ड २०१४ सालचे आहे. त्यावर ४ जीबी स्मृती असली, तरी ती बहुतेकदा संथ गतीची असते, आणि आजच्या काही प्रोसेसरांच्या पोटात जे ग्राफिक्स विनामूल्य येते ते या कार्डापेक्षा सरस असते. म्हणून दुकानदाराला नम्रपणे तीन गोष्टी लिहून मागा: प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, मदरबोर्डाचे पूर्ण नाव आणि ग्राफिक कार्डाचे पूर्ण नाव. ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही, तो दोन मिनिटांत लिहून देतो. केवळ बिले आणि टंकलेखन यांसाठी जुना संच स्वस्तात मिळत असेल तर त्यालाही मी नाव ठेवणार नाही, पण तुमची गरज तेवढीच नाही आणि ३४ हजार ही त्याची रास्त किंमतही नाही.

आता मी तुमच्या जागी असतो तर काय घेतले असते, ते कारणांसह सांगतो. प्रोसेसर म्हणून मी रायझन ५ ५६००जी निवडला असता. हा २०२१चा प्रोसेसर आहे. त्याला सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत, विजेची मर्यादा ६५ वॉटची आहे आणि त्याच्या पोटातच वेगा ग्राफिक्स आहे. वेगळे कार्ड न घेता यावर व्हॅलोरंट फुल एचडी पडद्यावर, चित्राची प्रत खालची ठेवल्यास, अगदी सुरळीत चालतो. जीटीए ५ साधारण प्रतीवर समाधानकारक चालतो आणि माइनक्राफ्टची काळजी करावी लागत नाही. काउंटर-स्ट्राइक २ चालतो, पण प्रत बरीच खाली आणावी लागते. सायबरपंक २०७७ सारखे जड खेळ मात्र यावर नीट चालत नाहीत, हे मुलाला आजच स्पष्ट सांगा, म्हणजे नंतर हिरमोड होणार नाही. अभ्यासाच्या बाजूने पाहिले तर सराव-चाचण्या, व्हिडिओ, ई-बालभारतीची पीडीएफ पाठ्यपुस्तके, पायथनचा सराव आणि प्रश्नपत्रिका या कोणत्याच कामात हा प्रोसेसर कमी पडत नाही.

मदरबोर्ड बी५५० चिपसेटचा (बोर्डावरील नियंत्रक चिपचा), शक्यतो रॅमच्या चार खाचांचा आणि एसएसडी बसवण्याच्या दोन एम.२ खाचांचा घ्यावा. ए५२० चिपसेटचा बोर्ड स्वस्त असतो आणि आजच्या कामाला पुरतोही, परंतु त्यावर पुढे वाढवण्यासाठी जागा कमी असते. दोहोंतील फरक दीड-दोन हजारांचाच असेल तर बी५५०, त्याहून बराच जास्त असेल तर ए५२०, असा माझा साधा हिशेब असतो. जुना बी४५० बोर्ड कोणी दिला तर त्याचे बायोस (संगणक सुरू करणारी बोर्डातील प्रणाली) ५००० मालिकेच्या प्रोसेसरसाठी अद्ययावत केले आहे का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका, नाहीतर सर्व भाग नवे असूनही पडदा काळाच राहतो.

रॅमविषयी थोडे थांबून सांगतो, कारण इथेच सर्वांत जास्त चूक होते. प्रोसेसरच्या पोटातील ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते. ते संगणकाची रॅमच वापरते, त्यामुळे रॅमचा वेग हाच खेळाचा वेग ठरतो. डीडीआर ४ प्रकारची ३२०० गतीची एकच पट्टी लावली तर सेकंदाला २५.६ जीबी माहिती ये-जा करू शकते, तर दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या की ही क्षमता दुप्पट, म्हणजे ५१.२ जीबी होते. त्यामुळे १६ जीबीची एक पट्टी आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या यांची बेरीज सारखी असली तरी परिणाम सारखा नसतो. मागे एक विद्यार्थी ‘खेळ अडखळतो, ग्राफिक कार्ड घ्यावेच लागेल’ असे म्हणत त्याचा संगणक माझ्याकडे घेऊन आला होता. आत १६ जीबीची एकच पट्टी होती आणि तीही २४०० गतीने धावत होती. मी तिच्या जागी ८ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या आणि बायोसमध्ये एक्सएमपी ही रॅम पूर्ण गतीने चालवण्याची सोय सुरू करून त्यांची गती ३२०० केली. त्याचा तो खेळ त्याच दिवसापासून विनाअडथळा चालू लागला आणि कार्डाचे पैसे वाचले. एक्सएमपी आपोआप सुरू होत नाही, हे लक्षात ठेवा. नवीन रॅम लावल्यावर ती बहुतेकदा कमी गतीनेच चालते आणि बायोसमध्ये जाऊन एकदा ती सोय सुरू करावी लागते. बोर्डाला चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या लावाव्यात.

रॅमबाबत आणखी एक वस्तुस्थिती सांगणे भाग आहे. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्याने वाढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी इतकी वाढली की स्मृतीच्या चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपले उत्पादन तिकडे वळवले आणि त्याचा भार घरगुती ग्राहकावर पडला. एसएसडीवरही त्याची झळ आहे. म्हणूनच मी प्रत्येक भागाची रुपयांतील किंमत इथे लिहीत नाही, कारण तुम्ही वाचाल तेव्हा ती बदललेली असेल. त्याऐवजी शंभर रुपयांची वाटणी सांगतो. प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून साधारण ३५, रॅम आणि एसएसडी मिळून २८, मॉनिटर १५, एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) आणि कॅबिनेट मिळून १३ आणि यूपीएस, कीबोर्ड, माऊस यांसाठी उरलेले ९. रॅम फारच महाग झाली असेल तर एसएसडीचा आकार कमी करा, पण रॅम एकाच पट्टीवर आणू नका आणि एसएमपीएसमधून तर एक रुपयाही काढू नका.

एसएसडी (फायली आणि खेळ साठवणारा भाग) एनव्हीएमई प्रकारची, म्हणजे एम.२ खाचेत बसणारी वेगवान, घ्यावी. एकट्या जीटीए ५ ला शंभर जीबीहून अधिक जागा लागते, त्यामुळे ५०० जीबी थोडी अडचणीची आणि १ टीबी सोयीची, असे समजा. पैसे कमी पडले तर आज ५०० जीबी घेऊन बोर्डाची दुसरी एम.२ खाच पुढच्या वर्षासाठी मोकळी ठेवता येते, म्हणूनच मी दोन खाचांचा आग्रह धरला. जुनी हार्ड डिस्क घरात पडून असेल तर तिच्यावर विंडोज किंवा खेळ ठेवू नका. मुलीच्या टिपणांची आणि तुमच्या प्रश्नपत्रिकांची दुसरी प्रत ठेवण्यासाठी मात्र ती उत्तम आहे.

आता एसएमपीएस. ज्या भागाबद्दल कोणीच विचारत नाही आणि ज्याच्यामुळे इतर सर्व भाग जळू शकतात, तो हा. स्वस्त कॅबिनेटसोबत जो एसएमपीएस ‘मोफत’ येतो, त्यावर ४५० वॉट लिहिलेले असते. पण त्याच्या बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहिले की खरी ताकद कळते, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर चालतात. १२ व्होल्टला ३६ अँपिअर असतील तर गुणाकार ४३२ वॉट येतो, म्हणजे ४५० चा दावा बरोबर आहे. तिथे १६ अँपिअरच असतील तर प्रत्यक्षात १९२ वॉटच मिळणार. काही वर्षांपूर्वी ऐन फेब्रुवारीत, बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर, एका विद्यार्थिनीचा संगणक माझ्याकडे आला. असाच एक मोफत मिळालेला एसएमपीएस वीज परत येताना जळला होता आणि जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला होता. बोर्ड नवा आणता आला, पण हार्ड डिस्कवरच्या तिच्या दोन वर्षांच्या टिपणांचे काहीच करता आले नाही. तेव्हापासून ओळखीच्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याच्या) प्रमाणपत्राचा एसएमपीएस नसेल तर मी संगणक जोडूनच देत नाही.

तुमच्या संगणकाला कार्ड नसताना खेळाच्या वेळीही शंभर-सव्वाशे वॉटच्या आसपासच वीज लागेल, मग ५५० वॉटचा एसएमपीएस कशासाठी, असा प्रश्न दुकानात कोणीतरी विचारेल. त्याचे उत्तर असे की पुढच्या वर्षी कार्ड आणाल तेव्हा तोच एसएमपीएस पुरला पाहिजे. आज ४५० आणि उद्या ५५० असे दोन घेण्यापेक्षा एकच चांगला घेतलेला स्वस्त पडतो.

वीजपुरवठ्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही, पण तालुक्याच्या गावी व्होल्टेज वर-खाली होणे आणि वीज जाणे हे गृहीत धरूनच मी सल्ला देतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारणपणे ३६० वॉटचा भार पेलतो, म्हणजे कार्डाशिवायच्या संगणकाला आणि मॉनिटरला तो पुरतो. त्याचे काम पाच-दहा मिनिटांत लिहिलेले जतन करून संगणक नीट बंद करू देणे एवढेच आहे, त्यावर खेळत बसणे नव्हे. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा पुढे यूपीएस मोडचे बटण आहे का ते पाहा. ते त्या बाजूला ठेवले की वीज गेल्यावर इन्व्हर्टर लवकर जागा घेतो आणि संगणक बंद पडत नाही. शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) इन्व्हर्टर असेल तर अधिक चांगले, कारण काही नवे एसएमपीएस चौकोनी लहरींवर नीट चालत नाहीत.

त्याहूनही आधी अर्थिंग तपासा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील किंवा टेस्टर लावल्यावर दिवा मिणमिणत असेल, तर अर्थिंग नाही असे समजावे. तीन पिनांचा सॉकेट भिंतीत आहे म्हणजे त्याच्या मागे अर्थिंगची तार जोडलेली आहेच असे नसते. जुन्या वाड्यांत आणि काही नव्या घरांतही मला ती तुटलेली किंवा कधी जोडलीच नसलेली आढळली आहे. वायरमनला बोलावून हे काम संगणक येण्याआधी करून घ्या. खर्च थोडा आहे, आणि हा प्रश्न यंत्राच्या आयुष्याइतकाच मुलांच्या सुरक्षिततेचा आहे.

मॉनिटर घेताना मुलीचा विचार आधी करा. तिची सीईटी परीक्षा संगणकावरच होते, म्हणजे तीन-तीन तास पडद्याकडे पाहून प्रश्न सोडवण्याचा सराव तिला करावा लागणार आहे. २२ ते २४ इंची, फुल एचडी, आयपीएस (बाजूने पाहिले तरी रंग नीट दिसणाऱ्या) पडद्याचा आणि ७५ किंवा १०० हर्ट्झचा (सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर दोघांनाही पुरेसा आहे. जास्त हर्ट्झचे महागडे मॉनिटर या ग्राफिक्सवर वाया जातील. पायाची उंची कमी-जास्त करता येत नसेल तर खाली जाडजूड पुस्तके ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा.

इथवरच्या बेतात वेगळे ग्राफिक कार्ड नाही, आणि मुलाला हे खटकेल याची मला कल्पना आहे. त्यामागचा विचार त्याला समजावा म्हणून थोडे खोलात सांगतो. ५६००जी हा प्रोसेसर कार्डाच्या दृष्टीने सर्वोत्तम नाही. त्याच मालिकेतील, पोटात ग्राफिक्स नसलेल्या रायझन ५ ५६०० मध्ये ३२ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद स्मृती) आहे, तर ५६००जी मध्ये १६ एमबीच आहे. शिवाय ५६०० ला पीसीआय एक्स्प्रेसची (कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातील जोडणीची) चौथी पिढी मिळते, तर ५६००जी तिसऱ्या पिढीवर थांबतो. म्हणून पुढे कार्ड घेताना आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड टाळा. ते चारच लेनवर (माहितीच्या वाटांवर) चालते आणि तिसऱ्या पिढीच्या जोडणीवर त्याचा वेग जाणवण्याइतका घटतो. आरएक्स ६६०० सारखे आठ लेनचे, ८ जीबी स्मृतीचे कार्ड मात्र या प्रोसेसरवर चांगले काम देते. त्याला सुमारे १३२ वॉट लागतात, म्हणजे आपला ५५० वॉटचा एसएमपीएस पुरेसा आहे. इंटेलची आर्क कार्डे रिसाइझेबल बार ही सोय (प्रोसेसरला कार्डाची सर्व स्मृती एकदम वापरू देणारी) सुरू असल्याशिवाय नीट चालत नाहीत, तेव्हा ती घेतल्यास बायोसमधील ती सोय तपासावी लागेल. कोणतेही कार्ड घ्या, पण नव्या खेळांसाठी ४ जीबीचे कार्ड आता घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढचे १५-२० हजार रुपये तुम्हाला सहा महिन्यांच्या आत मिळणार असतील, तर माझे उत्तर बदलते. तेव्हा पोटात ग्राफिक्स नसलेला रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय ५-१२४००एफ घेऊन, थोडे थांबून, सर्व एकदम घेणे अधिक फायद्याचे ठरेल. मात्र त्यात एक धोका आहे. अशा संगणकात कार्ड बिघडले की पडद्यावर काहीच दिसत नाही आणि कार्ड वॉरंटीत जाऊन परत येईपर्यंत कित्येक आठवडे जाऊ शकतात. ५६००जी असेल तर कार्ड काढून ठेवायचे आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डाला लावायची, की अभ्यास पुन्हा सुरू. घरात बारावीची विद्यार्थिनी असणार आहे, हे लक्षात घेता मला ही सोय मोलाची वाटते आणि त्यासाठी खेळातला थोडा वेग गमवायला मी तयार असतो.

५६००जी ज्यात बसतो तो एएम ४ सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची जागा) २०१७ पासूनच्या रायझनचा आहे आणि त्याच्यापुढे एएम ५ आला आहे, तेव्हा जुने का घ्यावे, असेही कोणी म्हणेल. एएम ५ वर रायझन ५ ८६००जी मिळतो. त्याचे ग्राफिक्स ५६००जीमधल्या ‘वेगा’ ग्राफिक्सपेक्षा बरेच पुढचे आहे आणि त्या सॉकेटवर पुढेही नवे प्रोसेसर बसवता येतील. परंतु त्याला डीडीआर ५ रॅमच लागते आणि बोर्डही महाग असतो. तुमची तयारी ७५ हजारांची असती तर मी तोच सुचवला असता. ५५ हजारांत तो घ्यायचा म्हटला तर एसएमपीएस आणि मॉनिटर यांना कात्री लागते, आणि ती मला मान्य नाही.

खरेदी कुठे करावी? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीला जाऊन स्वस्त मिळेल अशी समजूत आहे. काही भागांत दोन-चारशे रुपयांचा फरक पडतोही. पण सांगली जिल्ह्यातून येण्या-जाण्याचा खर्च आणि एखादा भाग बिघडल्यास पुन्हा करावी लागणारी फेरी धरली तर जवळच्या शहरातील, पक्के बिल देणारा दुकानदार बरा. बिलावर जीएसटीसह प्रत्येक भागाचे नाव आणि सिरियल नंबर असावा. प्रोसेसर कंपनीच्या सीलबंद खोक्यातला आणि सोबतच्या पंख्यासहच घ्यावा. सुटा, ‘ट्रे’मधला प्रोसेसर स्वस्त मिळतो, पण त्याला तशी वॉरंटी नसते. वापरलेला मॉनिटर किंवा कॅबिनेट पाहून घ्यायला हरकत नाही, परंतु वापरलेला एसएमपीएस, वापरलेली एसएसडी आणि क्रिप्टो-खाणकामात (आभासी चलन मिळवण्याच्या कामात) राबलेली कार्डे घेऊ नयेत. आरएक्स ५८० च्या नावाखाली येणारे ‘२०४८ एसपी’ हे कार्ड मूळ आरएक्स ५८० पेक्षा कमी ताकदीचे असते, हेही मुलाला सांगून ठेवा.

जोडणी मुलालाच करू द्या, फक्त शेजारी बसा. दोन-तीन तासांचे काम आहे आणि त्यातून तो जे शिकेल ते कोणत्याही शिकवणीत मिळणार नाही. या प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात, त्यामुळे कोपऱ्यातील सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून तो नुसता ठेवायचा असतो, दाबायचा नसतो. कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून एकदा पडदा उजळतो का ते पाहावे. प्रोसेसरची आठ पिनांची वेगळी वीज-केबल लावायची राहून जाते, आणि ‘पंखा फिरतो पण काही दिसत नाही’ या तक्रारींमागे बऱ्याच वेळा तेवढेच कारण असते. पंखा कधी काढावा लागला तर संगणक थोडा वेळ चालवून, प्रोसेसर आणि पंखा यांमधली पेस्ट कोमट असताना, हलके फिरवून काढावा. सरळ ओढला तर प्रोसेसर त्याच्यासोबत उपटून येतो आणि पिना वाकतात.

विंडोज बसवल्यावर दोन्ही मुलांची वेगवेगळी खाती करा आणि सर्वाधिकार असलेले खाते तुमच्याकडे ठेवा. फुकटच्या ‘क्रॅक’ खेळांबरोबर येणारे व्हायरस बहुतांशी असल्या सर्वाधिकारांच्या खात्यातूनच शिरतात. तुमच्या प्रश्नपत्रिकांसाठी लिबरऑफिस विनामूल्य आहे आणि विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड, तसेच उच्चारानुसार टंकित करण्याचा फोनेटिक कीबोर्ड आधीपासूनच असतो. जुन्या फाँटमध्ये केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर अगम्य अक्षरांत दिसते. युनिकोडमध्ये (सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) ती अडचण येत नाही, म्हणून सुरुवात युनिकोडनेच करा.

आणि पहिला आठवडा संगणकाला भरपूर राबवून घ्या. एक रात्र मेमटेस्ट८६ चालवून रॅम तपासा, तास-दीड तास सलग खेळ चालवून प्रोसेसरचे तापमान पाहा, प्रत्येक यूएसबी खाच आणि आवाजाची खाच वापरून पाहा. तापमान ९० अंशांच्या वर जात असेल तर पंखा नीट बसलेला नाही. रॅममध्ये एकही चूक दाखवली तर ती पट्टी सदोष आहे. असे काही आढळले तर त्याच दिवशी बिल आणि खोके घेऊन दुकानात जा. पहिल्या काही दिवसांत बहुतेक दुकानदार भाग हातोहात बदलून देतात, महिन्याभराने तोच भाग सेवाकेंद्रामार्फत पाठवावा लागतो आणि तेवढे दिवस मुलीच्या चाचण्या अडून राहतात.